लाल पेन उचलण्याआधी

नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर तू पहिला फोन मला केलास, याचा मला फार आनंद झाला. ‘मावशी, इंग्रजी मिळालं, आठवी ते दहावी,’ एवढंच बोललीस आणि मग गप्प झालीस. त्या गप्प होण्याचा अर्थ मला कळला. मराठी माध्यमाची पोरं, जांबोटीच्या जंगलपट्ट्यातून चालत येणारी, घरात इंग्रजीचा शब्द नाही, आणि त्यांच्या वह्या तपासायच्या. मी चौतीस वर्षं खानापूर तालुक्यात हेच केलं. स्पेलिंग, काळ, शब्दयोगी अव्ययं यावर तुला पुस्तकं मिळतील. विरामचिन्हांबद्दल मात्र पुस्तकात एक पान असतं, आणि ते कोणी शिकवत नाही. म्हणून तेवढंच सांगते.

मी लागले तेव्हाच्या हेडमास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली होती. ते म्हणाले, ‘बाई, चूक दिसली की लगेच लाल पेन उचलू नका. हे वाक्य या पोरानं मराठीत कसं लिहिलं असतं, ते आधी मनात म्हणून बघा.’ त्या वेळी मला ते वेळखाऊ वाटलं होतं. पुढं कळलं, की निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ त्यातच सापडतं. पोर निष्काळजी नसतं. मराठीत जे शंभर टक्के बरोबर, तेच ते इंग्रजीत नेतं.

आता समोर वही आहे असं समज. निबंध ‘माय व्हिलेज’. पोरानं लिहिलंय: माय व्हिलेज इज जांबोटी इट इज निअर फॉरेस्ट देअर इज मच रेन इन जुलै वुई डोन्ट गो आउट. एकही टिंब नाही. तुझा हात लाल पेनाकडं जाईल. थांब. हेच मराठीत म्हण: माझं गाव जांबोटी आहे ते जंगलाजवळ आहे तिथं जुलैत खूप पाऊस असतो आम्ही बाहेर जात नाही. टिंब नसूनही कुठं अडखळलीस का? नाही. कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. ‘आहे’, ‘असतो’, ‘नाही’ हे शब्दच बांधावरच्या धोंड्यासारखे आहेत, एक वावर संपलं हे तेच सांगतात. पूर्णविराम दिला नाही तरी मराठी वाचणाऱ्याला हद्द कळते. इंग्रजीत क्रियापद मधे असतं, त्यामुळं वाक्य कुठं संपलं हे शब्दावरून कळत नाही. तिथं टिंब आणि पुढचं मोठं अक्षर हीच हद्द.

आपल्या जुन्या लोकांनी तर शेकडो वर्षं चिन्हांशिवायच कारभार केला. मोडीतला जुना कागद पाहिला असशील तर आठव: आधी पानभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली एका दमात अक्षरं लिहीत जायची, दोन शब्दांत अंतरसुद्धा नाही. पोथ्यांत फार तर उभा दंड. आज आपण जी विरामचिन्हं वापरतो ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आली. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशासाठी राबलेला मेजर थॉमस कँडी, त्यानं १८५० मध्ये विरामचिन्हांवर मराठीत छोटं पुस्तकच काढलं. हिंदीनं उभा दंड ठेवला, आपण टिंब घेतलं. म्हणजे ही चिन्हं मराठीत येऊन दोनशे वर्षंही झाली नाहीत. पोराच्या हातात ती अजून पाहुणीच आहेत, एवढं लक्षात ठेवलंस तर तुझा आवाज आपोआप खाली येईल.

उपाय काय? ‘जिथं श्वास घ्याल तिथं चिन्ह द्या’ हे सांगू नकोस. ते सगळेच सांगतात, आणि ते मराठी मोठ्यानं वाचायला ठीक आहे. पण आपल्या पोरांचा इंग्रजी वाचताना श्वास प्रत्येक अवघड शब्दाला अडकतो, मग तिथं तिथं स्वल्पविराम पडतो. त्याऐवजी बोटं वापर. डाव्या हाताचं बोट कर्त्यावर, उजव्या हाताचं क्रियापदावर. ‘व्हिलेज’ आणि ‘इज’, ही एक जोडी. पुढं सरक. ‘इट’ आणि ‘इज’, दुसरी जोडी आली. दोन जोड्यांच्या मधे ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’ असा जोडणारा शब्द आहे का? नसेल तर टिंब दे आणि पुढचं अक्षर मोठं कर. आठवीच्या पोरांना हे पंधरा दिवसांत जमतं. दोन बोटं बाकावर सरकवत वाचणारा अख्खा वर्ग मी पाहिलाय, त्यासाठी व्याकरणाची एक व्याख्या लागत नाही.

तुझा दादा पुण्यात कंपनीत आहे. मागच्या दिवाळीला त्यानं मला चीनमधून आलेली एक मेल दाखवली. ‘वुई रिसीव्ह्ड युअर ड्रॉइंग,द साइज इज ओके,द मटेरियल नीड्स टाइम,प्लीज कन्फर्म.’ सगळी वाक्यं स्वल्पविरामानं ओवलेली, शेवटी एकच टिंब, आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडलेली नाही, पुढचा शब्द त्याला चिकटलेला. दादा म्हणाला, एवढी शिकलेली माणसं असं का लिहितात? मला मात्र ती मेल वाचून आपल्या वर्गाची आठवण आली. चिनी भाषेत एकाच विषयाबद्दलची पाच-सहा छोटी वाक्यं स्वल्पविरामानं जोडत न्यायची आणि सगळा विषय संपला की मग पूर्णविराम द्यायचा, हीच चांगली रीत आहे. त्यांचा पूर्णविराम टिंब नाही, बारीक पोकळ वर्तुळ असतो. यादीतल्या वस्तूंच्या मधे द्यायला त्यांच्याकडं वेगळाच, थेंबासारखा विराम आहे. बहुतेक चिन्हांना एका अक्षराएवढी पूर्ण चौकट मिळते, त्यामुळं पुढं जागा सोडायचा प्रश्नच येत नाही, आणि शब्दाशब्दांत अंतर तर त्यांच्याकडं नसतंच. त्यांच्याकडंही पाश्चात्त्य धाटणीची चिन्हं नवीच: हू श आणि इतर अभ्यासकांनी १९१९ मध्ये मागणी केली आणि १९२० मध्ये त्यांच्या शिक्षण खात्यानं ती लागू केली. आपल्यापेक्षा सत्तर वर्षांनी. मग तो मेल लिहिणारा चुकला कुठं? त्यानं चिनी अगदी शुद्ध लिहिली, फक्त शब्द इंग्रजी होते.

आपली पोरंही ही साखळी करतात. ‘काल खानापूरला गेलो, पुस्तकं घेतली, वडाप धरलं, घरी आलो.’ मराठीत कर्ता न सांगता चालतं, म्हणून हे वाक्य कानाला गोडच लागतं. इंग्रजीत मात्र दरवेळी ‘आय’ लिहावा लागतो आणि मग चार वाक्यं स्वल्पविरामावर लटकतात. इथंही बोटांची जोडीच कामाला येते.

आता ‘की’चं बघ. मराठीत ‘त्यानं सांगितलं, की’ असं आपण लिहितो, विराम देऊन. पोर इंग्रजीत ‘ही टोल्ड मी’ लिहून स्वल्पविराम देतं आणि मग ‘दॅट’. तिथं तो नको. एवढंच सांगायचं: ‘की’चा ‘दॅट’ झाला की स्वल्पविराम मराठीतच ठेवायचा. यावर जास्त वेळ घालवू नको.

पण ‘की’च्या मागून येणारी दुसरी चूक मोठी आहे, आणि तिथं मात्र बस. मराठीत आपण म्हणतो, ‘राजू म्हणाला, की मी उद्या येतो.’ हा ‘मी’ कोण? राजू. आपल्याला शंकाही येत नाही. पोर तेच इंग्रजीत नेतं: राजू सेड दॅट आय विल कम टुमॉरो. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाराच येणार आहे. हुशार पोराला काहीतरी बिनसलंय हे जाणवतं, म्हणून ते ‘दॅट’ही ठेवतं आणि अवतरणचिन्हंही घालतं. एका बैलगाडीला पुढून आणि मागून बैल जुंपल्यासारखं होतं ते. माझा उपाय नाटकाचा. एका पोराला राजू करून उभं करायचं आणि त्यानं तोंडानं जे शब्द उच्चारले तेवढेच अवतरणचिन्हांत घालायचे, ‘दॅट’ नाही. दुसऱ्यानं राजू निघून गेल्यावर त्याचा निरोप सांगायचा: तिथं ‘दॅट’ येणार, चिन्हं जाणार, आणि ‘आय’चा ‘ही’ होणार. राजूला खरोखर वर्गाबाहेर पाठवायचं. तो दिसेनासा झाला की पोरांच्या तोंडून ‘ही’ आपोआप येतो. मी हे कितीतरी वर्षं केलं आणि ते कधी फुकट गेलं नाही.

निरोपाचंच भावंड म्हणजे प्रश्नाचा निरोप. ‘माझा दाखला कुठं आहे ते मला कळवा’ याचं इंग्रजी करताना पोर शेवटी प्रश्नचिन्ह देतं, कारण ‘कुठं’ दिसला. विचार, की तू विचारतोयस की कळवायला सांगतोयस? सांगणं असेल तर टिंब.

‘कारण’नं तर भले भले फसतात. ‘मी काल शाळेत आलो नाही. कारण ओढ्याला पाणी होतं.’ मराठीत असं लिहिलेलं वर्तमानपत्रातही दिसेल, कुणी चूक म्हणणार नाही. इंग्रजीत ‘बिकॉज’नं सुरू झालेलं ते वाक्य लंगडं पडतं, त्याला पहिल्या वाक्याला टेकूनच उभं राहावं लागतं. मधलं टिंब काढायचं, बस.

ॲपॉस्ट्रॉफीचं वेगळं. वर लोंबणारं हे चिन्ह मराठीतही नाही आणि आपली पोरं शाळेत शिकतात त्या कन्नडातही नाही. आपला ‘चा-ची-चे’ शब्दाला चिकटतो आणि काम संपतं. म्हणून पोर एक तर ते चिन्ह कधीच देत नाही, नाहीतर एकदा शिकवलंस की दिसेल त्या ‘एस’वर चढवतं, टोमॅटोच्या अनेकवचनावरसुद्धा. बाजारातल्या पाट्यांवरही तू हे पाहिलं असशील. परीक्षा सोपी आहे: शब्द मराठीत करून बघ. ‘बाबांची सायकल’, ‘म्हशीचं दूध’, माणसाचं किंवा जनावराचं काही आहे आणि ‘चा-ची-चे’ आलं, तर चिन्ह दे. नुसतं ‘अनेक टोमॅटो’ असेल तर देऊ नको. ही कसोटी माणसं आणि जनावरं यांच्यापुरतीच लाव. ‘लाकडाची पेटी’, ‘भाताची पोती’ यांनाही मराठीत ‘ची’ लागतो, पण इंग्रजीत तिथं ते चिन्ह येत नाही. हे आधीच सांगितलं नाहीस तर पुढं पोरं लाकडाच्या पेटीवरही ते लटकवतात.

आणि ‘इट्स’. चिन्हाचं आणि बिनचिन्हाचं. कुत्रं शेपूट हलवतंय, तिथं ‘इट इज’ घालून वाचायला लाव. ‘कुत्रं हलवतंय ते आहे शेपूट’ असं ऐकल्यावर वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच नियम डोक्यात बसतो. त्याचा, तिचा, आमचा या इंग्रजी शब्दांत मालकी आधीच आहे, त्यांना वरून काही लावायचं नाही.

मोठ्या अक्षरांबद्दल रागावू नकोस गे. आपलं पोर तीन लिप्या शिकतं: देवनागरी, कन्नड आणि रोमन. पहिल्या दोघींत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही. चिनीतही नाही. तिघींतली एकटी रोमन ते मागते, आणि तिचेही नखरे असे, की ‘मी’ मोठा पण ‘तू’ लहान, सोमवार मोठा पण उन्हाळा लहान, मराठी ही भाषा मोठी पण गणित हा विषय लहान. भिंतीवर एक पुठ्ठा लाव. त्यावर गावांची, माणसांची, वारांची, महिन्यांची, भाषांची नावं. पोरांनीच रोज एक शब्द वाढवायचा. जांबोटी, कणकुंबी, खानापूर, बेळगाव, मलप्रभा. मलप्रभा आपल्या कणकुंबीतच उगम पावते, ती मोठ्या अक्षरानं लिहायला पोरांना आवडतं.

अर्जाचं बोलते, कारण दहावीच्या पेपरात पत्र असतंच आणि पुढं आयुष्यभर अर्जच लिहायचे असतात. आपल्याकडं ‘विषय’ लिहून त्यापुढं दोन टिंबं आणि आडवी रेघ, अशी जोडगोळी देतात. इंग्रजी अर्जातही ‘सब्जेक्ट’पुढं तीच. जुन्या इंग्रजी छपाईत ती खरंच होती, कचेऱ्यांतून आपल्याकडं आली आणि टिकली. मला वाटतं टिकण्याचं आणखी एक कारण आहे: देवनागरीत नुसती दोन टिंबं दिली तर ती विसर्गासारखी दिसतात, रेघ दिली की संशय राहत नाही. मराठीत ती असू दे. इंग्रजीत आता नुसती दोन टिंबं पुरतात. पत्त्याच्या ओळी कशा तोडायच्या तेही शिकव. ‘मु. पो. जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव’ यातलं प्रत्येक टिंब हे संक्षेपाचं आहे, वाक्य संपल्याचं नाही. हा फरक पोराला एकदा मराठीतच दाखवलास की इंग्रजीत वेगळा शिकवावा लागत नाही.

गोव्यात हॉटेलांत, ऑफिसांत कामाला जाणारी आपली पोरं खूप. त्यांना आकड्यांतला स्वल्पविराम सांग. आपण १,००,००० लिहितो, परदेशी पाहुण्याच्या बिलावर तोच आकडा १००,००० असा येतो. चुकीचं दोन्हींपैकी काही नाही, पण बघून घाबरायला नको.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं दप्तर कोरडं राहत नाही. ओल्या कागदावर शाईचं टिंब पसरतं आणि त्याला शेपूट फुटतं. पूर्णविरामाचा स्वल्पविराम होतो. मी एकदा एका पोराचे गुण कापले आणि त्यानं ओली वही उजेडात धरून मला दाखवलं, ‘बाई, टिंबच दिलतं की.’ त्या दिवसापासून पावसाळ्यात मी निबंध पेन्सिलीनं लिहून घेतले.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते सांगते. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. दूरच्या वाडीवरून चालत यायची. तिचे निबंध लांब असायचे, जंगलात गवा दिसला, आजीनं रात्री काय सांगितलं, धबधब्याचा आवाज घरात कसा येतो. वाक्यं एकात एक गुंतलेली, चिन्हांचा पत्ता नाही. मी नवीन जोमात होते. पानभर लाल केलं, एका निबंधात तीस-पस्तीस खुणा. पुढच्या वेळी तिनं जे लिहून आणलं ते असं होतं: आय हॅव अ काउ. इट इज व्हाइट. इट गिव्ह्ज मिल्क. एकही चूक नव्हती. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गात वही दाखवून कौतुकही केलं. वर्षभर ती तशीच तीन-चार शब्दांची वाक्यं लिहीत राहिली. गवा परत कधी आला नाही, आजी आली नाही. दहावीनंतर तिचं लग्न झालं. मी काय केलं होतं हे मला फार उशिरा, दुसऱ्या एका पोराची वही तपासताना कळलं, आणि तेव्हा ती समोर नव्हती.

म्हणून एका वेळी एकच चिन्ह तपास. या आठवड्यात फक्त टिंब आणि मोठं अक्षर, बाकी सगळं सोडून दे, दिसलं तरी. पुढच्या आठवड्यात अवतरणचिन्ह. खूण वाक्यात करू नको, समासात कर: या ओळीत काहीतरी आहे, एवढीच. कुठं आहे ते पोरानं शोधायचं, शेजारच्याच्या मदतीनं शोधलं तरी चालेल. आणि निबंधाच्या खाली, चिन्हांबद्दल काही लिहायच्या आधी, त्यानं जे सांगितलंय त्याला एक ओळ उत्तर दे. गवा कुठं दिसला रे? किती मोठा होता? पोर पुढचा निबंध त्या उत्तरासाठी लिहितं. हा कानमंत्र मला कुणी दिला नाही, त्या मुलीकडून मी तो घेतला.

शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी धडा काढू नकोस. प्रत्येक पोराकडून आपल्या घराबद्दल पाच ओळी मराठीत लिहून घे आणि त्याच पाच ओळी खाली इंग्रजीत. दोन्ही एकाच पानावर राहू देत. त्या पानांचे गठ्ठे गुण न देता कपाटात ठेव, आणि वर्षभर लाल पेन उचलावंसं वाटलं की त्यातलं त्या पोराचं पान आधी काढून वाच.